आईचे म्हणणे

आमच्या घरात दोन माणसे अशी होती की ती एकमेकांशी कधीच बोलत नसत, आणि तरीही त्यांच्यात भांडण नव्हते. एक माझी आई आणि दुसरे वडिलांचे थोरले भाऊ, ज्यांना आम्ही सगळेच अण्णा म्हणत असू. धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिरासमोर तोंड उघडू नये, डोक्यावरचा पदर ढळू देऊ नये आणि त्यांच्यादेखत जेवू नये, ही आमच्याकडची रीत. रेणापूरजवळच्या आमच्या गावात ती कोणाला शिकवावी लागत नसे. लग्न होऊन आलेली मुलगी पहिल्याच दिवशी ती ओळखून घेई. अण्णा लातूरला एका कार्यालयात नोकरीला होते आणि दर शनिवारी दुपारच्या एसटीने गावी येत. ओट्याच्या पहिल्या पायरीवर ते खाकरत. त्या खाकरण्याचा घशाशी काही संबंध नव्हता. ते ऐकले की स्वयंपाकघरात आईच्या बांगड्यांचा एकदाच, आटोपशीर आवाज होई: पदर डोक्यावर आला. मग अण्णा आत येऊन खांबाला टेकून बसत, तोंड अंगणाकडे. आई चुलीपाशी, तोंड भिंतीकडे. दोघांमध्ये जेमतेम चार हातांचे अंतर, आणि त्या अंतरात मी उभी.

मी चार वर्षांची असल्यापासून हे काम माझ्याकडे होते. आई म्हणे, "अण्णांना विचार, चहा ठेवू का." मी वळून म्हणे, "अण्णा, आई म्हणायली, चहा ठेवू का." अण्णा म्हणत, "ठेव म्हणावं." मी पुन्हा वळे. आईचे शब्द अण्णांना स्वच्छ ऐकू येत, अण्णांचे आईला. पण माझ्या तोंडून ते दुसऱ्यांदा उच्चारले जाईपर्यंत ते ऐकू आलेच नाहीत असे दोघेही धरून चालत. एकदा मी कंटाळून निम्माच निरोप दिला. शेतातल्या बायकांची मजुरी, उडदाचे पोते आणि माझ्या धाकट्या बहिणीचा, राणीचा ताप असे आईने तीन विषय सांगितले होते. मी पहिले दोन सांगून अंगणात पळू लागले. अण्णा नकळत म्हणाले, "आणि राणीच्या तापाचं?" म्हणाले आणि एकदम गप्प झाले, कान लाल. आपण ऐकत होतो हे त्यांनी कबूल करून टाकले होते. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आईचे खांदे हलताना मी पाहिले. ती हसत होती. या दोघांचा एकत्र असा विनोद मला तेवढाच आठवतो.

हे सांगताना मी अण्णांना खलनायक करत नाही, तसे केले असते तर पुढचे लिहिणे सोपे झाले असते. ते स्वभावाने सरळ आणि थोडे भित्रे गृहस्थ होते. आईच्या हातची अंबाडीची भाजी त्यांना फार आवडे. आईचे माहेर बिलोलीकडचे, तेलंगणाच्या हद्दीला लागून. तिच्या भाजीत आंबटपणा आणि लसूण आमच्या गावापेक्षा सढळ असे, आणि घाईत असली की तिच्या बोलण्यात एखादा तेलुगू शब्द येऊन जाई. अण्णा ताट संपवून म्हणत, "सांग, भाजी लई चांगली झाली म्हणावं, आमच्या लातूरच्या बाईला असली येत न्हाई." लातूरच्या बाई म्हणजे त्यांच्या पत्नी, आमची मोठी आई. मी हे वाक्य पोहोचवी. आई उत्तर देत नसे, पण पुढच्या शनिवारी पुन्हा अंबाडीच असे. अण्णा आणि बाकीचे पुरुष पानावरून उठले, पितळी आत गेली, अंगण झाडून झाले की मग आई जेवायला बसे. तोवर भाकरी वातड झालेली असे. लहानपणी मला वाटे की आईला तशीच भाकरी आवडते.

अकरावी-बारावीसाठी मी लातूरला अण्णांच्या घरी राहिले. लातूरच्या त्या दोन वर्षांवर लिहिण्याची इथे गरज नाही. पहाटे साडेपाचला सायकलींचे ताफे शिकवणीला निघतात आणि रात्री त्याच सायकली परत येतात, एवढे सांगितले की तिथे राहिलेल्याला सगळे कळते. सगळ्यांना डॉक्टर व्हायचे होते. मला नव्हते. मला रसायनशास्त्र हवे होते, त्यातही मोजमाप: एखाद्या पदार्थात दुसरे काही अगदी लेशमात्र असेल तर ते शोधून काढणे. माझ्या वयाच्या मानाने मी फार हिशेबी आणि, आता म्हणायला हरकत नाही, फार उर्मट होते. सुट्टीत गावी गेले की आई-अण्णांच्या त्या चार हातांच्या अंतराकडे मी एखाद्या कालबाह्य यंत्राकडे पाहावे तसे पाही. एकच वाक्य दोनदा बोलायचे, दोघांनी दोनदा ऐकायचे आणि मध्ये एक माणूस विनाकारण गुंतवायचा: मला त्यात फक्त वाया जाणारा वेळ दिसे. ती व्यवस्था मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसावर किती विश्वास टाकते, हे माझ्या लक्षात आले नाही. ते एकदाच आले, आणि नको त्या क्षणी.

बारावी संपली त्या उन्हाळ्यात आईचे दुखणे वाढले. महिनोन्‌महिने तिला रक्तस्राव होत होता आणि ती तो लपवत होती. माझी परीक्षा होईपर्यंत दवाखान्याचे नाव काढायचे नाही असे तिने स्वतःशी ठरवले होते. परीक्षा संपल्यावर मीच तिला सोनोग्राफीला नेले. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की गाठी मोठ्या आहेत, पिशवी काढावी लागेल, फार दिवस ढकलू नका. आणि नंतर तीन महिने वजन उचलायचे नाही. घरी आल्यावर मी जुन्या वहीच्या मागच्या पानावर आकृती काढून आईला सगळे समजावले. गाठी कुठे आहेत, टाके कुठे येतील, ते कोवळे असताना घागर उचलली तर काय होते. आई लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तू असल्यावर मला काय भ्या न्हाई. तू घर बघशील." मी हो म्हणाले. आकृती चांगली जमली होती. मला त्या आकृतीचा अभिमान वाटत होता.

पंधरा दिवसांनी पुण्याच्या विज्ञान संस्थेचे पत्र आले. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, वसतिगृह, शिष्यवृत्ती. लातूरच्या माझ्या शिकवणीतून त्या वर्षी तिथे जाणारी मी एकटीच होते. जागा स्वीकारल्याचे एका सोमवारी संध्याकाळपर्यंत कळवायचे होते. न कळवल्यास ती पुढच्या क्रमांकाला जाणार होती आणि पुढल्या वर्षी मला पुन्हा पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागणार होती. बाबांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "अण्णा म्हणतील तसं." बाबांचे आयुष्यभराचे मत हेच होते आणि त्यात त्यांना कधी बदल करावा लागला नाही. तेव्हा अण्णांनी ठरवले की आदल्या दिवशी, रविवारी, सगळ्यांनी लातूरला यावे. पोरीने नाव काढले आहे तर एक वेळ हॉटेलात जेवू आणि तिथेच काय ते बोलू. गावातल्या ओट्यावर बोलले की शेजारपाजार कान लावून बसतो, असे ते म्हणाले.

आमचे कुटुंब एकत्र हॉटेलात जेवायला गेल्याचा तो पहिला प्रसंग. रेणापूर नाक्यापासून थोडे पुढे रस्त्याच्या कडेला ते हॉटेल होते. पत्र्याचे छप्पर, पुढे मोटारसायकलींची रांग, भट्टीजवळ भाकरी थापणाऱ्या दोन बायका, आणि आत जाताच काळ्या मसाल्याच्या फोडणीचा असा भपका की राणी दोनदा शिंकली. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. पाठीमागे प्लायवूडच्या भिंती घालून, दाराला फुलाफुलांचा पडदा लावून फॅमिली रूम केलेली होती. तिथे कोपऱ्यात एक भलामोठा लोखंडी कूलर लावलेला. त्याचा आवाज असा की मालकाने आम्हाला बसा म्हटले ते हातांच्या खुणांवरूनच कळले.

आत गेल्यावर लक्षात आले की टेबल एकच आहे. इतके दिवस या भेटीची तयारी करताना एक गोष्ट कोणाच्याही डोक्यात आली नव्हती: हॉटेलात पुरुषांचे जेवण आधी आणि बायकांचे मागून असे होत नाही. आई पडद्यापाशीच थांबली. अण्णा पुढे सरकेनात, बाबा पाण्याचा जग इकडून तिकडे ठेवू लागले. शेवटी मोठ्या आईने तोडगा काढला. ती जाडजूड, हसरी, बोलायला फटकळ बाई. म्हणाली, अशानं तर वरणभात पण इथं बुरसा धरंल. तिने आईला टेबलाच्या पार टोकाला, भिंतीकडे तोंड करून तिरके बसवले, पलीकडून राणी, अलीकडून मी, म्हणजे मधे भिंत झाली. दुसऱ्या टोकाला अण्णा. त्यांनी आपली खुर्ची फिरवून पडद्याकडे तोंड केले आणि जेवणभर ते त्या फुलाफुलांच्या पडद्याशीच बोलले. आलेल्या वेटरला वाटले की ते त्याच्याशी बोलत आहेत. तो प्रत्येक वाक्याला हो साहेब म्हणत राहिला.

जेवण उत्तम होते हे नोंदवले पाहिजे. शेवभाजीवर लाल तर्री, भट्टीवरची टम्म फुगलेली बाजरीची भाकरी, ठेचा, कांदा, भरली वांगी, आणि प्रसंग मोठा म्हणून अण्णांनी मागवलेली काजूकरी, जी गोड लागते म्हणून बाबांनी बाजूला सारली. मोठी आई मला चिडवत होती की पुण्याला गेल्यावर ही भाकरीला काय म्हणतात ते विसरंल, आणि सुट्टीला आली की आमच्याशी हिंदीत बोलंल. राणी म्हणाली की ती माझी खाट घेणार आहे. आई पदराच्या आडोशाने लहान लहान घास घेत होती. घास तोंडात गेला की हात लगेच मांडीवर जाई, जणू तो जेवणारा हात तिचा नव्हताच. गरम भाकरी ती खात होती हे माझ्या तेव्हा लक्षात आले आणि मी मनात त्याची नोंदही घेतली: पाहा, हॉटेलात एका दिवसात जमते. मी स्वतःवर खूश होते. माझ्या पिशवीत अण्णांसाठी तयार केलेला कागद होता. पुण्यातून पुढे कुठे जाता येते, शिष्यवृत्ती कशी मिळते, वसतिगृहात मुलींसाठी काय नियम आहेत, सगळे क्रमाने. अण्णा कोणते प्रश्न विचारतील याची मी यादी केली होती आणि प्रत्येकाचे उत्तर पाठ केले होते.

मी चुकीच्या माणसासाठी तयारी केली होती. ताक आले तेव्हा अण्णांनी हात पुसले, पडद्याकडे बघतच ते बाबांना म्हणाले की मी चार लोकांना विचारले, संस्था चांगली आहे, पोरगी हुशार आहे, माझी काही ना नाही. मी श्वास सोडला. मग ते म्हणाले, "पण घरात दुखणं हाय. तिच्या आईला काय वाटतं ते विचारा. ती म्हणंल तसं करू. तिचा शबूद शेवटचा."

अठरा वर्षांत त्या घरातला एकही निर्णय आईवर सोपवलेला मी पाहिला नव्हता. बाबांनी माझ्याकडे पाहिले. अण्णा पडद्याकडे बघत थांबले. सवयीने मी आईकडे वळले, कान तिच्या तोंडाशी नेला. कूलर घरघरत होता. आईने बराच वेळ ताकाच्या ग्लासाच्या कडेवरून बोट फिरवले. मग तिने हलक्या आवाजात सांगितले, अगदी सावकाश, मला नीट पोहोचवता यावे म्हणून:

"अण्णांना सांग, एक वरीस थांबू द्या म्हणावं. मला आता होत न्हाई. माझं झालं की फुडल्या साली मीच धाडते तिला."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिते आहे. त्यात एक शब्दही अवाजवी नव्हता. वर्ष थांबणे म्हणजे माझ्यासाठी वर्ष थांबणे नव्हते हे तिला ठाऊक नव्हते, कारण मी ते तिला कधी सांगितलेच नव्हते. सगळे मुद्दे मी अण्णांसाठी राखून ठेवले होते. तिथेच, त्याच क्षणी मला ते तिला समजावता आले असते. अर्धे मिनिट लागले असते. पण मला भीती होती की समजावूनही तिचे उत्तर तेच राहील, आणि तसे ते राहण्याचा तिला अधिकार आहे हे मला तिच्या सोनोग्राफीच्या अहवालामुळे घरातल्या कोणाहीपेक्षा जास्त कळत होते. माझ्या मनात एक निरीक्षण अगदी थंडपणे उमटले: गावच्या ओट्यावर हे वाक्य अण्णांनी ऐकले असते. इथे ते कोणालाही ऐकू आलेले नाही. ते फक्त माझ्याकडे आहे.

मी वळले आणि म्हणाले, "आई म्हणायली, जाऊ द्या तिला. माझं मी बघून घेईन."

आईच्या बांगड्या वाजल्या नाहीत. ती हललीच नाही. राणी तिच्या पलीकडून वाकून माझ्याकडे बघत होती, तोंडातला घास तसाच. तिचे कान आईच्या तोंडापासून वीतभर होते. मोठी आई म्हणाली, बघा, मी म्हणले नव्हते, आई ती आईच. बाबांनी मान खाली घातली. अण्णांनी मात्र विचारले, "आणि दवाखान्याचं?" मी म्हणाले, ते आई बघून घेईन म्हणते. माझा आवाज स्थिर होता. मला त्याचे आजही नवल वाटते.

मग अण्णांनी अशी गोष्ट केली जी मी यादीत धरलेली नव्हती. त्यांनी खुर्ची फिरवली. पाय घासल्याचा आवाज कूलरच्याही वर ऐकू आला. ते आईकडे तोंड करून बसले. नजर तिच्या चेहऱ्यावर नाही, तिच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीवर. आणि मोठ्याने, तिला ऐकू जावे म्हणून, म्हणाले, "बाई, हे तुमचंच म्हणणं हाय का?"

तिच्या लग्नाला वीस वर्षे झाली होती. अण्णांनी तिला उद्देशून काढलेले ते पहिले शब्द, आणि ते तिला अहो-जाहो करणारे होते. बाबा अर्धवट उठून उभे राहिले, का ते त्यांनाही ठाऊक नसावे. आईने पदर आणखी पुढे ओढला. मला तिचा फक्त जबडा दिसत होता. त्या काही क्षणांत ती काय काय मांडून पाहत असेल याचा मी नंतर खूपदा विचार केला आहे. ती नाही म्हणाली असती तर फॅमिली रूममध्ये, सगळ्यांसमोर, तिची पहिली मुलगी खोटी ठरली असती. जिच्या तोंडून ती चौदा वर्षे बोलली होती, तिचे त्याआधीचे सगळे निरोपही संशयात आले असते. मी तिला दुसरा मार्ग ठेवला नव्हता. तो ठेवलेला नाही हे मला माहीत होते.

"हाव," आई म्हणाली.

दोन अक्षरे. मी मध्ये नव्हते, कोणी मध्ये नव्हते. अण्णांशी ती थेट बोलली तो पहिला शब्द खोटा होता आणि तो तिने माझ्यासाठी उच्चारला. अण्णांनी दोन्ही हात जोडल्यासारखे केले आणि खुर्ची पुन्हा पडद्याकडे फिरवली. त्यांनी गुलाबजाम मागवले. आईने अर्धी भाकरी झाकून ठेवावी तशी पदराआड सरकवली आणि नंतर घास घेतला नाही.

बाहेर आलो तेव्हा ऊन रस्त्यावर नुसते ओतले जात होते. अण्णा आणि बाबा पुढे चालत होते, मोठी आई बडीशेप चघळत त्यांच्यामागे. मी आईच्या अगदी शेजारी होते. तिचा कोपर माझ्या कोपराला लागत होता. मला वाटले ती आता काहीतरी बोलेल, रागावेल, आणि मी सगळे मुद्दे तिला समजावून सांगेन. तिने मान वळवली, माझ्यावरून पलीकडे. "राणी," ती म्हणाली, "पळत जा आन् अण्णांना सांग, दवाखान्याचं दिवाळीनंतर बघू म्हणावं." राणीने एकदा माझ्याकडे पाहिले आणि ती पळाली. तिने निरोप बिनचूक दिला. मी मागून ऐकला. त्यानंतर आईने माझ्या तोंडून एकही वाक्य कोणाला पाठवले नाही. सोमवारी सकाळी मी जागा स्वीकारल्याचे कळवले.

दिवाळीनंतरचे काम त्या दिवाळीनंतर झाले नाही. ते त्याच्या पुढच्या दिवाळीनंतर झाले. तोवर तिच्या अंगातले रक्त इतके उतरले होते की नांदेडला राहणाऱ्या मामांनी तिला तिकडे नेऊन आधी तीन दिवस रक्त चढवून घेतले, मग शस्त्रक्रिया. माझ्या सत्रपरीक्षा होत्या. मी दोन दिवस आले, फाइल वाचली, मामींना औषधांचा क्रम लिहून दिला आणि परत गेले. घरी बाबा, शेतावरची माणसे, एक म्हैस आणि दहा-अकरा वर्षांची राणी. विसाव्या दिवशी आई बोअरवर घागरी भरत होती. टाके आतून सुटले; वहीच्या मागच्या पानावर मी आधीच काढून दाखवले होते, तेच झाले. आज ती मांडी घालून बसू शकत नाही. स्वयंपाक उभ्याने करते, देवापुढे खुर्ची घेते.

माझ्या व्यवसायात, म्हणजे रासायनिक मोजमापात, चुका दोन प्रकारच्या मानतात. एक हातून होणारी, कधी इकडे कधी तिकडे जाणारी. दुसरी यंत्रातच असलेली, नेहमी एकाच बाजूला झुकणारी. दोन्ही क्षम्य आहेत, दोन्हींसाठी दुरुस्तीची सोय आहे. तिसरी गोष्ट म्हणजे यंत्रावर मिळालेले वाचन, म्हणजे आकडा, खोडून आपल्याला हवे ते लिहिणे. तिला आम्ही चूक म्हणत नाही, आणि ती करणाऱ्याला प्रयोगशाळेत पुन्हा उभे करत नाही. मी हे दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगते. माझ्याबद्दल असे बोलले जाते की या बाबतीत मी फार कडक आहे.

गावात मात्र हकीकत वेगळी रुजली आहे. मोठी आई प्रत्येक लग्नात ती सांगते: स्वतः रक्तानं भिजलेली बाई, पण म्हणाली, जाऊ द्या लेकीला, माझं मी बघून घेईन. माझ्या पदवीनंतर शाळेत सत्कार झाला तेव्हा मुख्याध्यापकांनी हे वाक्य, म्हणजे माझे वाक्य, आईच्या नावाने माईकवरून म्हटले आणि तिला शाल-नारळ दिला. मुली टाळ्या वाजवत होत्या. आईने शाल घडीसकट मांडीवर धरून ठेवली. अण्णा पहिल्या रांगेत डोळे पुसत होते. आता ते थकले आहेत; रीत कधीच ढिली पडली आहे, आई त्यांच्याशी सरळ बोलते, औषधे वेळेवर घेत नाहीत म्हणून त्यांना दटावतेसुद्धा. मी एकदा, तीन वर्षांपूर्वी, धीर करून तिच्याजवळ विषय काढला. ती तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापत होती. मी म्हणाले, आई, त्या दिवशी तू काय म्हणाली होतीस ते मला आठवते. तिचे हात थांबले नाहीत. "माझं म्हणणं मला याद हाय," ती म्हणाली. "तू नको सांगू मला."

मी दर रविवारी फोन करते. आई उचलते, म्हणते, बरी हाय, तू जेवलीस का, आणि फोन राणीकडे देते. राणीचे लग्न गावातच झाले आहे आणि रविवारी ती माहेरी असते. त्यानंतर जे काही सांगायचे असेल ते आई राणीला सांगते. मला ते मागून ऐकू येते, सगळे नाही, तुटक: ताईला सांग... गुडघ्याचं... म्हणावं... मग राणी फोन तोंडाजवळ घेते आणि स्पष्ट आवाजात म्हणते, "ताई, आई म्हणायली, सगळं ठीक हाय, तू काळजी करू नको." मी विचारते, हेच म्हणाली का ती? राणी थोडे थांबते. ती माझ्यासमोरच हे काम शिकली आहे. मग म्हणते, "हाव."